डबा भरलेला होता, उघडलाच नव्हता

मागच्या वर्षीची मे महिन्यातली 20 तारीख. ज्यांच्या घरातलं कोणी टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे त्यांना 11 आणि 20 या तारखा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. जीएसटीचं 3बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. पोर्टल रेंगाळत होतं आणि टॉवेल कारखान्यांची बिलं दुपारी बारानंतर व्हॉट्सॲपवर येत होती. बाहेर सोलापूरचं ऊन. सकाळपासून तीन चहा आणि दोन बिस्किटं एवढंच पोटात. पावणेपाचला फाईल आणायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या पोरीनं धरलं म्हणून पडले नाही.

पिशवीत डबा होता. दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, शेंगाचटणी. पहाटे साडेपाचला उठून केलेला. भाजीला वास सुटला होता.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.9. बाईचं किमान 12 असायला हवं. डॉक्टरांना मी माझ्या डब्याची यादी ऐकवायला लागले, म्हणजे मी काही वडापाव खाऊन राहणारी नाही हे त्यांना कळावं. त्यांनी मध्येच थांबवलं. "ताई, काय खाता ते नंतर सांगा. जेवता किती वाजता?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण ठरलेली वेळच नव्हती. कधी तीन, कधी साडेचार, कधी थेट रात्री दहा.

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. कामाच्या माणसांनी आरोग्यासाठी काय खावं यावर रोज कोणीतरी काहीतरी सांगतं. ओट्स आणा, बिया भिजवा, सॅलड करा. अहो, आपल्या ताटात चांगलं अन्न आहे. ते खायला अर्धा तास नाही, हा आपला प्रश्न आहे. तो अर्धा तास मागायची आपल्याला लाज वाटते, आणि हे मला फार लागतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, विडी आणि मागाच्या वस्तीत वाढले. शेजारच्या अम्मा चाळीस वर्षं विड्या वळतायत. हजार विड्यांमागे मजुरी, त्यामुळे हात थांबला की पैसे थांबले. त्यांचं दुपारचं जेवण म्हणजे चहा आणि खारी, कारण जेवायचं तर आधी हाताची तंबाखू घासून धुवायची आणि त्यात वेळ जातो. पलीकडचे काका मागावर बारा तासांची पाळी करायचे. एका हातानं भाकरी खायची, डोळे धाग्यावर. लहानपणी मला वाटायचं की कष्टाची माणसं अशीच जेवतात. आता वाटतं, त्यांना कोणी जेवू दिलंच नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती लिहिली गेली. घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला तो अर्धा तास कोण देणार? आमचं ऑफिस आठ जणांचं. दुकाने व आस्थापना कायद्यातली विश्रांतीही एवढ्या छोट्या ऑफिसला लागू नाही. भूक मात्र आठही जणांना लागते.

राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतली एकेक बाई डोळ्यांसमोर दिसली.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या मी नेमानं घेतल्या. नुसत्या खाण्यावर 8.9 चं 12 होत नाही, कोणी तसं सांगितलं तर ऐकू नका. पण गोळ्यांबरोबर जे बदललं ते इथलंच होतं.

पहिली कडक भाकरी. ऑफिसच्या कपाटात डबाभर ठेवते. पातळ थापून, तव्यावर भाजून पूर्ण वाळवलेली, महिनाभर काही होत नाही तिला. आपल्याकडच्या उन्हात भाजी विटते, मऊ भाकरी चिवट होते, ही मात्र तशीच्या तशी. दह्यात कुस्करली की पाच मिनिटांत जेवण. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या मालदांडी वाणाचं नाव सगळीकडे गेलं, आणि आपली पोरं डब्यात मैद्याचे नूडल्स नेतात याचं मला खरंच वाईट वाटतं. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि 4 मिलिग्रॅम लोह असतं. वर शेंगाचटणी म्हणजे पुन्हा प्रथिनं, शेंगदाण्यात साधारण शेकडा 25. मात्र चटणीत मीठ असतं आणि दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत मीठ पुरतं, म्हणून मी दोन चमच्यांवर थांबते. माझ्या माहेरी बी.पी. आहे.

डाळिंबाबद्दलही सांगते. रिपोर्ट कळल्यावर नातेवाइकांनी पिशव्या भरून डाळिंबं आणली. प्रेमानं आणली, मी खाल्लीही. पण लाल दिसतं म्हणून रक्त वाढतं असं नाही, 100 ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. त्यापेक्षा हुलग्याचं माडगं करा, अळिवाचे लाडू करा. अम्मा अंबाडीची भाजी द्यायच्या, त्या तिला गोंगूरा म्हणतात. भाकरीबरोबर तिच्यासारखी चव दुसऱ्या कशाला नाही. जेवताना लिंबू पिळा किंवा पेरूची फोड खा, क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको. हे मला सगळ्यात अवघड गेलं. चहातल्या घटकांमुळे ते लोह कमी शोषलं जातं, म्हणून मध्ये तासाभराचं अंतर ठेवते.

आता पहाटे साडेपाचचं. डबा घरचा हवा हे सगळे म्हणतात, तो करतं कोण? रात्री साडेनऊला घरी येऊन पुन्हा पहाटे भाकऱ्या थापायच्या, हे वर्षानुवर्षं करून मी 8.9 वर आले होते. आता भाजी रात्रीच निवडून चिरून ठेवतात, नवरा आणि मुलगा मिळून. आठवड्यातून तीन दिवस भाकऱ्या गल्लीतल्या मावशींकडून विकत घेते. सासूबाईंना सुरुवातीला आवडलं नाही. मी त्यांना रिपोर्ट दाखवला. त्या दिवसापासून भाकऱ्या आणायला त्याच जातात.

ऑफिसात सांगणं मात्र जड गेलं. साहेब चांगले आहेत, पण तेही चार वाजता जेवणारे. मी म्हटलं, दीड ते दोन फोन बंद ठेवू, आठही जण एकदम बसू. "क्लायंट काय म्हणतील?" मी म्हटलं, अर्ध्या तासानं फोन केला तरी रिटर्न त्याच दिवशी भरलं जाईल. पहिले दोन महिने ओढाताण झाली. एक कारखानदार रागावलेही. नंतर त्यांनाच सवय झाली, दोननंतर फोन करतात.

माझी सगळ्या छोट्या ऑफिसवाल्यांना, दुकानदारांना, कारखानदारांना हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे कामाला असलेली माणसं स्वतःहून जेवायची सुट्टी मागणार नाहीत. मी अकरा वर्षं मागितली नव्हती. तुम्हीच घड्याळ बघून त्यांना उठवा. बसायला स्वच्छ जागा, हात धुवायला साबण आणि थंड पाण्याचा माठ ठेवा.

मागच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं, 11.8 आलं. रिपोर्ट घेऊन अम्मांकडे गेले. दुपारचे दोन वाजले होते, त्या सूप घेऊन बसलेल्या, बाजूला चहाचा कप. मी मोरीत पाणी काढलं, साबण त्यांच्या हातात दिला आणि तिथंच दोन ताटं वाढली. वीस मिनिटं लागली आम्हाला जेवायला.