थोडक्यात वाचलेल्या विमानाचा पंचनामा कोणी करायचा?

पुण्याच्या लोहगाव विमानतळाशेजारी, धानोरीत राहणाऱ्याला विमानांचं कौतुक राहत नाही. हवाई दलाचं सुखोई डोक्यावरून गेलं की फोनवरचं बोलणं थांबवायचं आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करायचं. पण परवा थोडक्यात टळलेल्या विमान अपघातांवरून मेव्हण्याशी वाद झाला. "कोणी मेलं नाही ना? मग चौकशी कसली?" असं तो म्हणाला. म्हणून हे लिहितोय.

15 फेब्रुवारी 2020. लोहगावहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं ए-321 ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगात होतं, आणि समोर धावपट्टीवर जीप आणि एक माणूस! वैमानिकाने विमान वेळेआधीच उचललं. खालच्या अंगाला मार बसला, पण ते दिल्लीत सुखरूप उतरलं. दोन दिवस बातमी चालली, मग आपण विसरलो.

आता पुण्याची गंमत बघा. धावपट्टी हवाई दलाची, एटीसी म्हणजे विमानांना उडण्या-उतरण्याची परवानगी देणारं नियंत्रणही त्यांचंच. टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं. विमान कंपनीचं. आणि या सगळ्यात नागरी उड्डाणावर देखरेख डीजीसीएची, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालयाची. समजा, देखरेखच ढिली पडली म्हणून काही घडलं, तर ते डीजीसीए स्वतःच्या अहवालात लिहील? आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्या सोसायटीतसुद्धा सेक्रेटरीला स्वतःच्या हिशेबाचं ऑडिट करू देत नाहीत.

यासाठीच 2012 मध्ये एएआयबी ही विमान अपघातांचा तपास करणारी संस्था आली. अपघात आणि 'गंभीर घटना' तिच्याकडे, बाकीच्या घटना डीजीसीएकडे. म्हणजे टळलेल्या अपघाताला 'गंभीर' म्हणायचं की नाही, यावरच बरंचसं अवलंबून. त्यात दोघांच्या डोक्यावर मंत्रालय एकच, नागरी उड्डाणाचं. अमेरिकेत अपघातांचा तपास करणारी एनटीएसबी 1975 पासून वाहतूक खात्याच्या बाहेर आहे.

अमेरिकेपर्यंत तरी कशाला जा? आपल्या रेल्वेचंच बघा. अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, ते आहेत नागरी उड्डाण मंत्रालयाखाली! रेल्वेने स्वतःची चौकशी स्वतः करू नये, हे 1941 मध्येच ठरलं होतं. रेल्वेची चौकशी त्रयस्थाने करावी म्हणून ती ज्या मंत्रालयाकडे दिली, त्याचा स्वतःचा त्रयस्थ कोण?

जून 2024 मध्ये मुंबईत एक विमान उडत असताना त्याच धावपट्टीवर मागून इंडिगोचं विमान उतरलं. एटीसीतल्या अधिकाऱ्याला लगेच कामावरून बाजूला केलं. तेवढ्याने काय कळलं? त्या क्षणी त्याच्यावर भार किती होता, नियम काय सांगत होता, हे विचारणारा वेगळाच माणूस लागतो, आणि त्याचा अहवाल लोकांना वाचायला मिळायला हवा. लोहगावात तर हवाई दलाच्या बाजूचंही त्यात यायला हवं. लष्करी गुपितं नकोत, पण धावपट्टीवर जीप कोणाच्या परवानगीने जाते, हे गुपित कसं?

मेव्हण्याला आणखी एक सांगितलं. विमान कोसळलं की ब्लॅक बॉक्स तिथेच थांबतो. थोडक्यात वाचलेलं विमान मात्र उडत राहतं, आणि बऱ्याच विमानांत कॉकपिटमधलं बोलणं फक्त शेवटच्या दोन तासांचं उरतं. पुणे-दिल्ली प्रवासही साधारण तेवढाच. तपास कोणाचा, यावर कागद फिरेपर्यंत त्या टेपवर दिल्लीतल्या पार्किंगचं बोलणं चढलेलं असतं.