दहाच्या आधी चार वाजले

आलेखाच्या कागदावर माझ्याइतकी सुंदर बाग कुणीच करत नसेल. तिथे मावा पडत नाही, शेणखताला वास येत नाही आणि वेल नको तिकडे गेला तर खोडरबराने आवरता येतो. घरामागची जागा आहे १२ बाय १८ फूट. तिच्या एका कडेला कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. त्या मी कुठल्याच नकाशात दाखवत नाही. बायको मात्र प्रत्येक नकाशात आधी त्याच शोधते.

पहिल्या वर्षी भूलभुलैया करायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात सतराव्या शतकाच्या अखेरीला लावलेला झुडपांचा भूलभुलैया आहे. एकराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शात जवळजवळ अर्धा मैल वाटा कोंबल्या आहेत त्यात. म्हटलं, आपला जरा आटोपशीर करू. वाट दोन फूट, झुडपांची भिंत दीड फूट. बारा फुटांत बसल्या चार भिंती आणि तीन वाटा. तरीही कामिनीची रोपं लावली. कामिनीला मोठं व्हायची काही घाई नसते. वर्षभरात ती गुडघ्याला लागली, म्हणजे आत शिरणाऱ्याला दारातच बाहेर पडायची वाट दिसायची. पाहुणे बिचारे भिडेखातर थोडं हरवल्यासारखं करत. माळीकाका मात्र हातात झारी घेऊन भिंतींवरून सरळ टांगा टाकत जायचे. भूलभुलैयाचा मध्य फक्त शेजारच्या मांजराने शोधून काढला. कशासाठी, ते वासावरून कळलं.

मग दगड. जपानमधल्या क्योटोत र्‍योआन-जी नावाचं देऊळ आहे. तिथे पांढऱ्या खडीवर १५ दगड असे मांडलेत की ओसरीवर कुठेही बसा, एक तरी दगड दुसऱ्यामागे लपतोच. एकाच वेळी पंधराही दिसत नाहीत. हे वाचून माझा जीव वेडावला. झाड नाही, पाणी घालणं नाही, आणि वर चिंतन! १५ दगड आणवले. त्या देवळातलं अंगण साधारण २५ मीटर लांब आहे, ही गोष्ट दगड उतरवून झाल्यावर ध्यानात आली. आमच्या जागेत चिंतन करायला उभं राहायचं तर दगडावरच उभं राहावं लागायचं. पुढे एकेक दगड संसाराला लागला. एक फाटकाला, एक पाण्याच्या पिंपावरच्या झाकणावर, दोन गच्चीतल्या ताडपत्रीवर. बायकोने एकदा मोजले, तर चौदा भरले.

"पंधरावा कुठाय?"

"तेच तर त्या बागेचं मर्म आहे," मी म्हणालो.

मधे एकदा बागेत संन्यासी ठेवायचाही विचार होता. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या काही जमीनदारांना बागेत कुटी बांधून त्यात खराखुरा दाढीवाला माणूस ठेवायची हौस होती. पेन्सहिलच्या बागेची तर अशी गोष्ट सांगतात की, सात वर्षं केस-नखं न कापता आणि कुणाशी चकार शब्द न बोलता राहायच्या अटीवर एकाला ठेवलं, आणि तीन आठवड्यांत गडी दारूच्या गुत्त्यात सापडला. बायकोला ही कल्पना एकदम पसंत पडली. म्हणाली, "तुम्हीच बसा की. केस-नखांचं तुमचं आधीपासूनच चालू आहे. गप्प बसायचं तेवढं बघा."

पण हे सगळं किरकोळ. खरा छळ झाला तो फुलांच्या घड्याळाने.

वनस्पतींना दोन-दोन नावं द्यायची शिस्त लावणारा स्वीडनचा लिनियस. त्याने १७५१ साली एका ग्रंथात अशी कल्पना मांडली की, ठरावीक वेळी उमलणारी-मिटणारी फुलं लावली तर बागेकडे बघून वेळ सांगता येईल. हे वाचलं त्या रात्री मी झोपलो नाही. कागदावर वर्तुळ काढलं, बारा कुंड्या मांडल्या. सहाला मॉर्निंग ग्लोरी. दहाला 'ऑफिस टाइम', म्हणजे चिनी गुलाब. चारला गुलबक्षी. आठच्या सुमाराला रातराणी (हा आकडा नाकाने वाचायचा). आणि बाराला ब्रह्मकमळ. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं, घरोघरी कुंडीत असतं ते निवडुंगाच्या कुळातलं, पण ते रात्री उमलतं एवढं मला पुरे होतं. उरलेल्या सात आकड्यांना फुलंच मिळेनात. तिथे कोरफड लावली.

"म्हणजे दहानंतर एकदम चारच वाजणार?" मुलीने विचारलं.

"मधे सुट्टी," मी म्हणालो.

पहिला महिना मॉर्निंग ग्लोरीने गाजवला. ती पहाटे वेळेवर उमलायची, यात वाद नाही. पण वेलच तो. कुंडीत राहणं त्याला कमीपणाचं वाटलं. पंधरा दिवसांत सहाने सातला वळसा घातला, आठ-नऊ ओलांडले आणि दहाचा गळा धरला. दहाचं निराळंच. चिनी गुलाबाला घड्याळ कळत नाही, ऊन कळतं. आणि आमच्याकडे शेजारच्या भिंतीची सावली हटते साडेअकराला. त्यामुळे आमच्या बागेत दहा वाजायचे ते पावणेबाराला.

तरी मी धीर धरला. पण एका ढगाळ दिवशी दहाची फुलं उमललीच नाहीत, मुठी आवळून बसली. आणि गुलबक्षीला अंधारून आल्यामुळे संध्याकाळ झालीशी वाटली. ती तीनलाच उमलली. म्हणजे त्या दिवशी आमच्याकडे चार वाजले आणि दहा वाजायचे राहूनच गेले.

मग मी लिनियसचं पुढचं वाचलं. ते आधी वाचायला हवं होतं. त्याने फुलांचे तीन वर्ग केले होते. हवामानाप्रमाणे वेळ बदलणारी, दिवसाच्या लांबीप्रमाणे बदलणारी आणि ठरल्या वेळेला उमलणारी-मिटणारी. घड्याळाला कामाची फक्त तिसरी. माझ्याकडे भरती झाली होती ती पहिल्या वर्गातली.

बाराची गोष्ट तर सांगवत नाही. कळी फुगली, खाली वाकून पुन्हा वर वळली, तेव्हा माळीकाका म्हणाले, "आज रात्री." आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसलो. साडेनऊला पाकळ्या सैल झाल्या. साडेदहाला मुलगी आत गेली. नंतरचं मला आठवत नाही. जागा झालो तेव्हा उजाडत होतं आणि बारा वाजून गेल्याची खूण म्हणून ते फूल मान टाकून लोंबत होतं. बायको रात्रीच उठून फोटो काढून गेली होती. फोटोत फूल सुरेख आलंय, मागे माझं उघडं तोंडही.

घड्याळ मोडीत काढायचं मी ठरवलं. तर परवा दुपारी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, गुलबक्षी उमलली! कपडे काढा!"

मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. "अजून चार कुठे..."

"चारचं नाही विचारलं. गुलबक्षी तीनला उमलली म्हणजे अंधारून आलंय. महिनाभर मी तिच्यावरच कपडे काढतेय."

बाहेर आलो तर पहिले टपोरे थेंब पडत होतेच. दोन चादरी, पाच शर्ट आणि मुलीचा गणवेश छातीशी कवटाळून मी कामिनीच्या भिंतीवरून टांग टाकली, आणि पलीकडे गवतात, डाव्या पायाच्या अंगठ्याला, पंधरावा दगड सापडला.