डायरीत आमचे आजोबा फक्त आकडा

पलटणीचा इतिहास कसा लिहावा यावरच्या लेखातलं ‘वॉर डायरी मिळाली की पलटणीचा इतिहास निम्मा लिहून झाला’ हे वाक्य खटकलं. वॉर डायरी म्हणजे पलटणीची युद्धकाळातली रोजची अधिकृत नोंदवही. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या ३/५ (पाचव्या रेजिमेंटच्या तिसऱ्या) पलटणीत, १९४४ला इटलीत होते. मामेभावाने लंडनच्या अभिलेखागारातून डायरीच्या पानांचे फोटो पाठवले. गोऱ्या साहेबांची नावं आहेत, आपली माणसं म्हणजे ‘आय.ओ.आर.’ (इंडियन अदर रँक्स, म्हणजे साधे हिंदी सैनिक) आणि पुढे आकडा! त्याच पलटणीच्या नाईक यशवंत घाडग्यांना १० जुलै १९४४च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, म्हणून त्यांचं नाव राहिलं. त्यांच्या सेक्शनमधले (छोट्या तुकडीतले) बाकी सगळे तिथेच मेले किंवा जखमी झाले, ते कोण?

मेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मशानांच्या नोंदींत सापडतात, कित्येकदा वडिलांच्या नावासकट आणि गावासकट. जिवंत परतलेले मात्र गायब. आमच्या लालबागच्या खोलीत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचं पेबुक (सैनिकाच्या पगाराची पुस्तिका) निघालं, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यात गावाचं स्पेलिंग इतकं चुकलंय की आधी दुसऱ्याच कुणाचं वाटलं. चाळी पाडून टॉवर होतायत, अशा ट्रंका भंगारात जातायत. लेखकाने लंडनला जरूर जावं, पण आधी गिरणगावातले माळे बघा म्हणावं.