रेंज राहू द्या, डेपोतल्या विजेचं बोला
मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक मालट्रकवरचा एक लेख वाचला. त्यातली सगळी चर्चा 'एका चार्जमध्ये किती किलोमीटर', म्हणजे रेंज, यावरच अडकली आहे. शहरात माल पोचवणारी गाडी बहुतेक वेळा शंभर-दीडशे किलोमीटरच्या आतच फिरते आणि रात्री डेपोत परत येते. शिवाय दर सिग्नलला ब्रेक लावताना मोटरच जनित्र होऊन थोडी वीज बॅटरीत परत टाकते.

खरी गोची डेपोत आहे. १२० किलोवॅट-तासांची बॅटरी २२ किलोवॅटच्या चार्जरवर पूर्ण भरायला साडेपाच-सहा तास लागतात. एक ट्रक असेल तर ठीक. असे २० ट्रक संध्याकाळी एकदम लावले की ४४० किलोवॅटचा भार! मग मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीला ठरवून दिलेली कमाल मर्यादा) वाढवा, ट्रान्सफॉर्मर बदला, केबल टाका... गाड्या दारात उभ्या आणि वीजजोडणीची फाइल फिरतेय. रात्रभर आळीपाळीने चार्जिंग वाटून देणारं सॉफ्टवेअर असेल तर निम्म्या जोडणीतही भागतं, पण लेखात त्याचा उल्लेखच नाही.

आणि हो, बॅटरी जेवढी मोठी तेवढा माल कमी, हेही लिहायला हवं होतं. शीतपेटीच्या गाडीत माल थंड ठेवणारा कॉम्प्रेसरही त्याच बॅटरीवर चालवला, तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.