वाकणे वेगळे, चूक वेगळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

मिलिंग यंत्रावर पातळ भिंतीच्या जॉबवर (कापायच्या धातूच्या भागावर) शेवटच्या, म्हणजे फिनिशिंग कटनंतर किती माल शिल्लक राहील हे आधी गणिताने सांगता येते, या माझ्या लेखातील विधानावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. कॅन्टिलिव्हरच्या (एकाच टोकाला पक्क्या धरलेल्या पट्टीच्या) सूत्राप्रमाणे वरचा काठ सर्वांत जास्त वाकतो, मग चूकही, म्हणजे न कापता उरलेला माल, तिथेच सर्वांत मोठी हवी. आपल्या डायलने (मापकाने) मात्र ती काठाच्या तीन-चार मिलिमीटर खाली दाखवली, हा पहिला. क्लॅम्प सोडल्यावर जॉब पुन्हा वाकडा होतो, तेव्हा असले गणित कागदावरच राहते, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपाला मीच जागा ठेवली होती. लेखातले उदाहरण 40 मिमी उंच, 40 मिमी रुंद आणि 2 मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचे होते: काठावर 20 न्यूटन बल लावले की ती सुमारे 0.23 मिमी वाकते आणि जाडी 4 मिमी केली की हेच वाकणे आठपट कमी होते. जाडीचा घन किती महागात पडतो हे त्यातून दिसले, पण वाकणे म्हणजेच चूक असाही समज झाला, आणि तो खरा नाही. भिंतीवरचा एखादा बिंदू पक्का होतो तो कटरच्या दात्याची धार त्याच्यावरून शेवटची सरकते त्या क्षणी. त्या क्षणी भिंत आणि कटर एकमेकांपासून जेवढे दूर ढकलले गेले असतील तेवढाच माल तिथे शिल्लक राहतो. त्याआधी भिंत कितीही वाकलेली असो, पृष्ठभागावर त्याची खूण उरत नाही.

आपण दिलेली माहितीच घेऊ: 10 मिमी व्यासाची चार दात्यांची एन्डमिल (बाजूनेही कापणारा दंडगोल कटर), 30 अंशांचा हेलिक्स (दात्यांचा पीळ), 0.5 मिमी रुंदीचा कट, पूर्ण उंची एका दमात, डाउन मिलिंग (दाता जाड काप घेत शिरतो आणि पातळ होत बाहेर पडतो). या मापांना एक दाता कोणत्याही क्षणी उंचीच्या जेमतेम 4 मिमी पट्ट्यात माल कापत असतो. पट्ट्याच्या खालच्या टोकाला पृष्ठभाग तयार होत असतो, तर जाड चीप (कापून निघणारा कीस), आणि म्हणून बहुतेक बल, वरच्या टोकाला असते. दाता वर सरकत काठाशी पोचला की या पट्ट्याचा वरचा, जोरकस भागच आधी हवेत जातो. काठाचा शेवटचा बिंदू तयार होताना त्या दात्याचे बल जवळजवळ संपलेले असते. मागचा दाता तेव्हा साडेतेरा मिलिमीटर खाली, बऱ्याच ताठ भागात कापत असतो. भिंत तिथे सर्वांत लवचीक खरी, पण तिला ढकलणारे फारसे कोणी उरलेले नसते. त्यामुळे चुकीचे शिखर काठाच्या सुमारे 4 मिमी खाली यावे. आपला डायल बरोबर होता, आणि त्याने सूत्र खोडले नाही, माझे सोपे केलेले चित्र खोडले.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे, मात्र तो या गणितावर लागू होत नाही. क्लॅम्प सोडल्यावर दिसणारा बाक प्लेटमधल्या अवशिष्ट (आधीपासून आत अडकून राहिलेल्या) ताणांचा आणि क्लॅम्पने दाबून ठेवलेल्या आकाराचा असतो. कापण्याच्या बलाशी त्याचा थेट संबंध नाही. जॉब न सोडता एकदा आणि सोडून एकदा असा डायल फिरवा. पहिल्या मापाची तुलना माझ्या आकड्यांशी करा, दोन मापांतला फरक ताणांच्या खात्यावर टाका. तो फरक मोठा असेल तर खेचून ताणमुक्त केलेली प्लेट घेणे आणि दोन्ही बाजूंनी आलटून पालटून माल काढणे हाच उपाय. कटरचा मार्ग कितीही सुधारला तरी तो बाक जाणार नाही.

दोन स्प्रिंग पास (मार्ग न बदलता पुन्हा फिरवलेले कट) मारले की भागते, असे आपण म्हणता. थोड्या चुकीला ते चालते. पण उरलेला माल धारेच्या गोलाईपेक्षा पातळ झाला की दाता कापत नाही, घासतो, आणि भिंत पुन्हा बाजूला सरकते. त्यापेक्षा मार्ग चुकीएवढा आत घेणे मला पटते, मात्र एका फेरीत नव्हे: 0.1 मिमी आत गेले की बलही वाढते, भिंत आणखी वाकते आणि पूर्ण 0.1 मिमी निघत नाही. नव्या बलावर हिशोब पुन्हा करावा लागतो. आकडे स्थिरावेपर्यंत साधारण दोन-तीन फेऱ्या.

एक माहिती मात्र आपल्या प्रतिक्रियेत नाही: स्पिंडलचा वेग. दात्यांच्या ठोक्यांची वारंवारता भिंतीच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ (ठोकल्यावर ती स्वतःहून ज्या वारंवारतेने थरथरते तिच्याजवळ) असेल तर वरचे सगळे स्थिर गणित गैरलागू ठरते. तो आकडा कळवलात, तर आपल्याच जॉबचा हिशोब मांडून दाखवतो.