"मराठी किती छान बोलतेस!" हे कौतुक आता नको

मी गिरगावात जन्मले आणि तिथेच वाढले. आई मराठी, बाबा केनियाचे, मोंबासाचे. रंग आणि केस बाबांचे, आवाज थेट आजीचा. आयुष्यात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "अगं बाई, मराठी किती छान बोलतेस!" म्हणणाऱ्यांच्या मनात मायाच असते, हे मला कळतं. पण माझ्या मामेबहिणीला असं कधी कुणी म्हणालं नाही. आम्ही दोघी एकाच खोलीत, एकाच आजीकडून बोलायला शिकलो. तरी तिचं मराठी तिचं, आणि माझं मात्र कुठून तरी शिकून आलेलं. हे दर वेळी लागतं.

मिश्र वंशाच्या मुलांनी आपली ओळख आपणच शोधावी, आतून खंबीर व्हावं, असं बरेच जण सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीने काय शोधायचं? तिला तिचं घर माहीत असतं, माणसं माहीत असतात. ती कोण हा प्रश्न तिला पडलेलाच नसतो, तो बाहेरचे लोक तिच्यापुढे आणून ठेवतात. मग उत्तर शोधायचं काम तिच्यावर का टाकायचं? आपलेपणा आजूबाजूच्यांनी द्यायचा असतो.

कायद्याला माझ्याबद्दल काही शंका नव्हती. १ जुलै १९८७ पासून २००४ च्या डिसेंबरपर्यंत भारतात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक जण भारतीय असला की मूल भारतीय. मी त्यातलीच. आईबाबांचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. त्याची नोटीस तीस दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते. त्या महिन्यात नातेवाइकांनी आईला काय काय ऐकवलं, ते ती आजही पूर्ण सांगत नाही.

आजीचाही विरोध होता. तो मावळला माझ्या केसांमुळे. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या. आईचा बारीक दातांचा कंगवा माझ्या केसांत अडकायचा, मी रडायचे, शेवटी आईही रडायची. बाईंचा डायरीत शेरा यायचा, "केस नीट बांधून पाठवणे." मग मोंबासाहून आत्या आली आणि तिने आजीला शेजारी बसवून सगळं दाखवलं. केस ओले असतानाच सोडवायचे, टोकाकडून वर जायचं, तेल लावायचं, बारीक बारीक भांग पाडायचे आणि टाळूला धरून वेण्या घालत जायचं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, काही अडलं नाही. आत्या परत गेल्यावर दर रविवारी आजी चाळीच्या गॅलरीत मला पुढ्यात घेऊन बसायची. अर्धी दुपार त्यातच जायची. शेजारच्या काकू आधी नुसत्या बघायला यायच्या, नंतर एखादी वेणी त्याही घालू लागल्या. त्या चाळीत मला "तू मूळची कुठली?" असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

चाळीबाहेर पडलं की चित्र बदलायचं. लेडीज डब्यात माझ्यासमोरच माझ्याबद्दल मराठीत बोलणं चालायचं, हिला काय कळतंय म्हणून. भाड्याने घर बघायला गेले की फोनवर गोड बोललेले मालक दारात मला बघून गप्प व्हायचे. "आम्ही नायजेरियनना देत नाही." मी आधार कार्ड पुढे करायचे. आता करत नाही. कार्ड दाखवून मिळालेल्या घरात मला राहायचं नाही.

एक गोष्ट मला शाळेतच कुणी सांगायला हवी होती. आफ्रिकेची माणसं या किनाऱ्याला नवी नाहीत. १६२६ मध्ये वारलेला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. जंजिरा सिद्दींचा, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्याच माणसांचा, आणि ते संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. आपण मात्र जंजिऱ्याला जातो, तोफा बघतो आणि परत येतो. तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं कोण होती, हे विचारत नाही. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात. त्यातली काही नाशिकच्या शरणपूरला मिशनऱ्यांच्या आश्रमात शिकली. आफ्रिकेत फिरलेला ब्रिटिश शोधक लिव्हिंग्स्टन, त्याचं शव घेऊन १८७४ मध्ये लंडनला गेलेला जेकब वेनराइट तिथेच शिकलेला. पुढे यातले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन वस्तीत राहायला गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव त्या वस्तीला दिलेलं. हे वाचलं तेव्हा मी तिशीच्या जवळ होते. बाबांच्या गावाचा आणि नाशिकचा दीडशे वर्षांपूर्वीचा संबंध! वर्गात मुलं मला "हबशी" म्हणायची, तेव्हा बाईंनी हे सांगितलं असतं तर?

म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. वर्गात असं मूल असेल तर त्याला उभं करून "तुमच्या देशाबद्दल सांग" म्हणू नका. त्याचा देश हाच आहे. स्नेहसंमेलनात त्याला जंगलातला माणूस करू नका. मलिक अंबर शिकवताना दोन वाक्यं जास्त बोला, सगळ्या वर्गासाठी.

आणि मीरा रोड, नालासोपारा, वसईकडे अशा लेकी वाढवणाऱ्या आयांनो, केसांचं अडलं तर खुशाल इनबॉक्समध्ये लिहा. रुंद दातांचा कंगवा कुठे मिळतो, तेल किती लावायचं, वेण्या किती दिवस ठेवायच्या, सगळं सांगेन. जवळपास राहत असाल तर रविवारी घरी येऊन शिकवेन.