सर, त्याला ऊन लागतंय!

रोबोटिक्सच्या पहिल्याच तासाला मी तिसरीच्या चोवीस मुलांसमोर जाहीर केलं, “मी रोबोट आहे. तुम्ही सांगाल तेवढंच करणार.” लगेच मागच्या बाकावरून आज्ञा आली, “पुढे चला!” किती पावलं ते कुणीच सांगितलं नाही, म्हणून मी चालत राहिलो आणि भिंतीवर आदळलो. सूचना नेमकी हवी, हे मुलांना कळावं एवढाच हेतू होता. मुलांना कळलं ते असं, की सरांना भिंतीवर आदळवता येतं. उरलेला तास त्यातच गेला.

मग ‘बग’ आला, म्हणजे प्रोग्राममधली चूक; इंग्रजीत शब्दाचा मूळ अर्थ किडा. शब्दाला जरा रंगत यावी म्हणून गोष्ट सांगितली: १९४७ साली हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, एक पतंग (उडणारा किडा) अडकला होता आणि तिथल्या लोकांनी तो चक्क नोंदवहीत चिकटवून ठेवला. (शब्द त्याआधीपासूनच वापरात होता, पण एवढं ऐकायला कुणी थांबलं नाही.) दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे काड्यापेटी उघडली गेली. आत झुरळ. जिवंत. “सर, हा घ्या बग. वहीत चिकटवू?”

खरा रोबोट म्हणजे दोन मोटारी, दोन चाकं आणि सुटलेल्या तारांचं जंजाळ. एका मोटारीच्या तारा उलट लागल्या, की गाडी जागच्या जागी गरगर फिरते. ती दुरुस्त करायला गेलो तर रडारड. “सर, तो नाचतोय, थांबवू नका!” बॅटरी उतरली, तर म्हणे त्याला झोप आली. उजवीकडे वळायला डावं चाक जास्त फिरवावं लागतं, हे समजावताना एकाने विचारलं, “उजवं म्हणजे तुमचं की त्याचं?” त्यानंतर माझा स्वतःचाही गोंधळ उडाला, तो अजून पुरता गेलेला नाही.

शेवटी काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी. खालचा सेन्सर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण सोडतो, पांढरी जमीन ते परत पाठवते, काळी पट्टी गिळून टाकते. गाडी सुरेख चालली आणि खिडकीपाशी पोचताच पट्टी सोडून थेट कपाटाखाली शिरली. सहा वेळा. मी कोड तपासला, तारा हलवल्या, सेन्सर पुसला, मनातल्या मनात गाडी बनवणाऱ्याचा उद्धार केला.

“सर, त्याला ऊन लागतंय,” एक मुलगी म्हणाली.

मी हसून सांगितलं, “बाळ, यंत्राला ऊन लागत नसतं.”

तिने तोवर पुठ्ठ्याची टोपी करून गाडीवर चढवलीसुद्धा. टोपी मोठी झाली, चारी बाजूंनी पार जमिनीपर्यंत आली. गाडी खिडकीसमोरून पट्टी धरून ऐटीत निघून गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: उन्हातही इन्फ्रारेड असतंच, आणि ते सेन्सरला चकवत होतं.

अहवालात मी लिहिलं, “बाह्य प्रकाशाचा अडथळा ओळखून सेन्सरला आच्छादन दिले.” कोणी ओळखला, ते लिहायला रकाना नव्हता. मुलगी तेव्हा दुसरी टोपी कापत होती. माझ्या मापाची.